नव्याण्णव डॉलरचं भांडण: 'हेय' विरुद्ध ॲपल, जून 2020

"ताई, काहीतरी असं लिहा की खाली लोकं भांडली पाहिजेत."

हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय, तेलघाणीवाले, फर्निचरवाले, क्लासवाले, एक सीए पण, की नवीन काम आलं की पहिल्या फोनवरच मी त्याची वाट बघते. मी छोट्या धंद्यांसाठी लिहायचं काम करते आणि सगळ्यांचा हिशोब एकच असतो, वाद झाला की लोकं येतात आणि लोकं आली की माल खपतो. यातलं पहिलं अर्धं खरं आहे. दुसऱ्या अर्ध्याचं काय ते समजावताना मी दरवेळी एकच प्रकरण सांगते, कधी चहावर, कधी व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोटमध्ये, आणि दरवेळी काहीतरी सांगायचं राहून जातं, म्हणून आज सगळं एका जागी लिहून काढतेय.

प्रकरण जून 2020 चं आहे. एका बाजूला ॲपल, दुसऱ्या बाजूला शिकागोची बेसकॅम्प नावाची जेमतेम साठेक माणसांची कंपनी आणि तिची नवी ईमेल सेवा, 'हेय'. पण जूनवर यायच्या आधी मागचं थोडं सांगावं लागेल, कारण हे भांडण आभाळातून पडलेलं नाही.

ही कंपनी 1999 मध्ये '37सिग्नल्स' नावाने सुरू झाली, तेव्हा दुसऱ्यांच्या वेबसाइट डिझाइन करून द्यायची. 2004 मध्ये त्यांनी स्वतःचं कामाचं नियोजन करायचं सॉफ्टवेअर काढलं, बेसकॅम्प, आणि ते बनवता बनवता त्यांच्यातल्या डेव्हिड हायनेमायर हॅन्सनने जे तयार केलं ते त्याच वर्षी जगाला फुकट दिलं, रूबी ऑन रेल्स, म्हणजे वेबसाइट आणि वेब ॲप्स बनवायचा तयार सांगाडा. प्रोग्रामरांचं गिटहब आणि ऑनलाइन दुकानांचं शॉपिफाय त्यावरच उभं राहिलं, त्यामुळे प्रोग्रामर मंडळींत डेव्हिडचं नाव आधीपासून घरातलं होतं. दुसरा मालक जेसन फ्राइड. दोघांनी जाहिरातीपेक्षा लिहिण्यावर जोर दिला आणि लिहायचे ते सरळ अंगावर येणारं. मीटिंग म्हणजे विष आहे, गुंतवणूकदारांचे पैसे घेऊ नका, रात्ररात्र काम करणं ही मर्दुमकी नाही, ऑफिसात यायची गरज नाही. 2009 मध्ये तर त्यांनी एक लुटुपुटीची प्रेसनोट काढली होती, की कुणीतरी आमच्या कंपनीचा अतिसूक्ष्म हिस्सा एका डॉलरला घेतला, त्या हिशोबाने आमची किंमत आता 100 अब्ज डॉलर झाली. सिलिकॉन व्हॅलीतल्या मूल्यांकनाच्या आकड्यांवर तो थेट घाव होता. आणि 2010 च्या त्यांच्या पुस्तकात तर भांडण ओढवून घ्या या सल्ल्याला स्वतंत्र जागा आहे, म्हणजे लपवाछपवी काही नाही.

2019 चं उदाहरण मला सगळ्यात आवडतं. गुगलवर 'बेसकॅम्प' असं शोधलं की वरती जाहिराती यायच्या त्यांच्या स्पर्धकांच्या. मग यांनी स्वतःच्याच नावावर जाहिरात विकत घेतली आणि त्यात लिहिलं, की ही जाहिरात आम्हाला द्यायची नाहीये, शोधात आम्ही पहिलेच येतो, पण ही साइट आमच्याच नावावर दुसऱ्यांना जाहिरात करू देते, म्हणून आमच्यासारख्या छोट्या कंपनीला एका बड्या कंपनीला खंडणी द्यावी लागतेय. चार ओळींची जाहिरात, आणि त्या जाहिरातीचीच बातमी झाली.

आता या सगळ्यात एक गोष्ट बघा. मीटिंग विष आहे असं म्हणणारा माणूस विकतोय काय, तर मीटिंग कमी करणारं सॉफ्टवेअर. ऑफिसला यायची गरज नाही म्हणणारा विकतोय काय, तर लांब बसून एकत्र काम करायचं साधन. वाचणाऱ्याला राग आला तरी आणि पटलं तरी तो शेवटी त्यांच्या मालापाशीच जाऊन पोचतो. माझ्या मते सगळं इथेच आहे, पण पुढे जाऊ.

जून 2020. सोमवारी 15 तारखेला त्यांनी 'हेय' नावाची ईमेल सेवा चालू केली. किंमत वर्षाला 99 डॉलर, म्हणजे तेव्हाचे साधारण साडेसात हजार रुपये, आणि ते कशासाठी, तर ईमेलसाठी, जी आपण सगळे जीमेलवर फुकट वापरतो. त्यात चांगल्या सोयी होत्या, पहिल्यांदाच कुणी मेल केली तर ती आत यायच्या आधी तुम्हाला विचारलं जायचं की या माणसाला घरात घ्यायचं का दारातूनच परत पाठवायचं, आणि तुम्ही मेल उघडली की नाही हे गुपचूप बघणारे ट्रॅकर ते अडवायचे. पण धंद्याची अडचण सोयींची नव्हती. अडचण ही होती की ईमेलला पैसे मोजायचे असतात ही कल्पनाच लोकांच्या डोक्यात नव्हती.

आयफोनचं ॲप त्यांनी आधीच पाठवलं होतं आणि पहिलं व्हर्जन ॲपलने मंजूरही केलं होतं. त्यानंतर किरकोळ बग दुरुस्त करून अपडेट पाठवला तो नाकारला. मग फोन आला. ॲपलचं म्हणणं असं, की तुम्ही डिजिटल सेवा विकताय तर ॲपच्या आत आमच्यामार्फत पैसे घ्यायची सोय द्या, नाहीतर ॲप स्टोअरवरून काढलं जाईल. ॲपलमार्फत पैसे घेतले की पहिल्या वर्षी 30 टक्के ॲपलचे, वर्गणी चालू राहिली तर पुढे 15 टक्के. 99 डॉलरवर 30 टक्के म्हणजे तीस सेंट कमी तीस डॉलर. एका गिऱ्हाइकामागे. आणि गिऱ्हाईक आणलं कुणी, माल केला कुणी, रात्री तीनला सर्व्हर बंद पडला तर उठणार कोण, हे सगळं बेसकॅम्पचं.

ते ॲप दिसायचं कसं हे डोळ्यासमोर आणा, कारण भांडणाची खरी जागा तो एक स्क्रीन आहे. ॲप उघडलं की ईमेल आणि पासवर्डची दोन खोकी. नवीन खातं काढायचं बटण नाही, किंमत लिहिलेली नाही, 'आमच्या साइटवर जा' असंही लिहिलेलं नाही, कारण नियमाप्रमाणे बाहेरचा रस्ता दाखवायलाही परवानगी नव्हती. ज्याचं खातं नाही त्याला तिथे करण्यासारखं काहीच नाही. आपल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांपैकी फिल शिलर यांच्याकरवी ॲपलने 18 जूनला हीच बाजू मांडली, की माणूस ॲप डाउनलोड करतो आणि ते चालतच नाही, असं आम्हाला स्टोअरवर नकोय. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर या म्हणण्यात तथ्य होतं. पण नेटफ्लिक्सचं ॲप तसंच चालायचं, आणि बेसकॅम्पचं स्वतःचं जुनं ॲपही कित्येक वर्षं तसंच स्टोअरवर होतं. पुस्तकं, गाणी, व्हिडिओ, अशांना नियमात सूट होती, धंद्यासाठी वापरायच्या सॉफ्टवेअरला सूट होती, ईमेल त्या यादीत नव्हती.

मंगळवारी, 16 जूनला, डेव्हिडने सगळं ट्विटरवर मांडलं. भाषा शिवी-शापाच्या जवळची, आमच्या कमाईचा तिसरा हिस्सा ॲपलला द्यायचा प्रश्नच येत नाही असा सूर, पण शब्दांपेक्षा महत्त्वाचं म्हणजे त्याने नुसती आरडाओरड केली नाही, काय घडलं ते क्रमाने सांगितलं, कोणता अपडेट, कोणता नियम, फोनवर काय सांगितलं. आणि योगायोग असा की त्याच दिवशी युरोपियन कमिशनने ॲप स्टोअरच्या नियमांची औपचारिक चौकशी सुरू केल्याचं जाहीर केलं. म्हणजे बातमीदारांच्या टेबलावर एक मोठा रुक्ष कायदेशीर विषय होता आणि त्याच तासाला कुणीतरी त्याला चेहरा दिला.

याला नशीब म्हणा, पण नशिबाला बसायला पाट आधीपासून मांडलेला होता. याच डेव्हिडने पाच महिने आधी, जानेवारी 2020 मध्ये, कोलोरॅडोतल्या बोल्डरमध्ये अमेरिकन काँग्रेसच्या स्पर्धाविषयक उपसमितीपुढे बड्या टेक कंपन्यांबद्दल साक्ष दिली होती. त्याच उपसमितीचे अध्यक्ष डेव्हिड सिसिलिनी 18 जूनला एका पॉडकास्टवर ॲपलच्या या 30 टक्के फीला चक्क वाटमारी म्हणाले.

त्याच दिवशी ॲपलचं लेखी उत्तर आलं आणि माझ्या मते त्या पत्रातल्या एका वाक्याने ॲपलचं जेवढं नुकसान केलं तेवढं डेव्हिडच्या सगळ्या ट्वीटनी मिळून केलं नसेल. वाक्याचा अर्थ असा होता, की तुमची बरीच ॲप्स इतकी वर्षं आमच्या स्टोअरवर आहेत आणि आठ वर्षांत तुमच्याकडून स्टोअरला काहीच उत्पन्न आलेलं नाही. हे वाचून बाकीचे छोटे डेव्हलपर, जे तोपर्यंत लांबून बघत होते, त्यांना वाटलं की अरे म्हणजे आपल्याकडेही हे असंच बघतात.

19 जूनला जेसन फ्राइडने पत्र लिहिलं आणि ते डेव्हिडच्या अगदी उलट, शांत. त्याचा मुद्दा होता की पैशाचं सोडा, पण ॲपलमार्फत पैसे घेतले की गिऱ्हाईक आमचं राहत नाही. त्याला रिफंड द्यायचा म्हटलं तर आमच्या हातात नाही, सवलत द्यायची तर नाही, तो वैतागून फोन करतो तो आम्हाला आणि आम्ही त्याला सांगणार की ॲपलकडे जा. हे वाचताना मला आपल्या इथला कुठलाही दुकानदार डोळ्यासमोर येतो. गिऱ्हाइकाला परत पाठवायला लागणं ही गोष्ट त्याला पैशाइतकीच लागते.

एक जण तापट, एक जण समजावणारा. हे त्यांनी ठरवून केलं की स्वभावच तसे आहेत कोण जाणे, पण बाहेरच्या माणसाला दोन्ही दारं मिळाली.

सोमवारी 22 जूनला ॲपलची वार्षिक डेव्हलपर परिषद सुरू होणार होती, करोनामुळे पूर्ण ऑनलाइन. त्याच्या आत यांनी एक तोडगा पाठवला. ॲप उघडलं की कुणालाही 14 दिवसांसाठी एक फुकट तात्पुरता ईमेल पत्ता मिळेल, नाव असंच काहीतरी आपोआप आलेलं, दोन आठवड्यांनी तो संपेल. म्हणजे 'ॲप उघडलं आणि चालत नाही' ही ॲपलची तक्रार मिटली आणि ॲपच्या आत पैसे घ्यायची वेळही आली नाही. मंजुरी मिळाली, 25 जूनला 'हेय' सगळ्यांसाठी खुलं झालं. त्याच परिषदेच्या वेळी ॲपलने जाहीर केलं की यापुढे नियमाच्या वादापायी बग दुरुस्तीचे अपडेट अडवणार नाही आणि डेव्हलपरला नियमालाच आव्हान देता येईल. सप्टेंबरमध्ये नियमातच नवीन कलम आलं, वेबवर पैसे भरून वापरायच्या सेवेचं फुकट जोड-ॲप असेल तर ॲपमधल्या पेमेंटची सक्ती नाही, आणि त्यात ईमेलचं नाव घेऊन उल्लेख.

आता हे का चाललं, याबद्दल माझं म्हणणं.

पहिलं म्हणजे त्या दहा दिवसांत जिथे जिथे ही बातमी छापून आली तिथे तिथे लिहिणाऱ्याला दुसऱ्याच परिच्छेदात सांगावं लागलं की 'हेय' म्हणजे काय, ती फुकट का नाही, वर्षाला 99 डॉलर कशाचे. जी गोष्ट लोकांच्या गळी उतरवायला त्यांना वर्ष गेलं असतं ती समजावून सांगायचं काम जगभरच्या बातमीदारांनी केलं. भांडणाचा विषयच किंमत होता ना. भांडण दुसऱ्या कशाचं असतं, समजा एखाद्या नेत्यावर टीका, तर लोकं तेवढीच आली असती आणि किंमत ऐकून परत गेली असती.

दुसरं, जे दारात उभं करून विचारणारं ईमेल विकतात, 'तुमच्यापर्यंत कोण पोचणार हे तुम्ही ठरवा' असं ज्यांचं सांगणं आहे, ते भांडतायत कशावर, तर आमच्या आणि गिऱ्हाइकाच्या मध्ये कोण येणार हे आम्ही ठरवू यावर. धागा एकच आहे.

तिसरं, त्यांचं स्वतःचं काहीतरी पणाला लागलेलं होतं. ॲपलने खरंच ॲप काढलं असतं तर आयफोनवाला गिऱ्हाईक गेला असता आणि आयफोन नसलेला अमेरिकन, जो ईमेलला 99 डॉलर देईल, तो शोधायला कुठे जाणार. बघणाऱ्याला हे कळतं. ज्याला हरलो तर काहीच फरक पडत नाही अशा माणसाची ओरड लोकांना लांबूनही ओळखू येते.

आणि भांडण वरच्याशी होतं, आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्याशी. हे महत्त्वाचं आहे हे मी आधी नुसतं म्हणायचे, पण ते खरंच किती महत्त्वाचं आहे हे पुढच्या वर्षी त्यांच्याच कंपनीत दिसलं.

एप्रिल 2021. कंपनीत बरीच वर्षं गिऱ्हाइकांच्या गमतीशीर वाटणाऱ्या नावांची एक यादी आतल्या आत फिरत होती, त्यातली काही नावं आशियाई, आफ्रिकन वंशाच्या लोकांची. त्यावरून आत चर्चा सुरू झाली, ती चिघळली, आणि 26 एप्रिलला जेसन फ्राइडने नेहमीच्या सवयीने जाहीर पोस्ट टाकली की यापुढे कंपनीच्या कामाच्या जागी राजकीय, सामाजिक चर्चा बंद, समित्या बंद. लिहायची पद्धत तीच, ठाम, तोडून टाकणारी. फक्त या वेळी समोर ॲपल नव्हतं, स्वतःची माणसं होती, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना हा निर्णय जगाबरोबरच कळला. कंपनीने सोडून जाणाऱ्यांना चांगला मोबदला देऊ केला, तीन वर्षांहून जास्त नोकरी झालेल्यांना सहा महिन्यांचा पगार, आणि त्या आठवड्यात साधारण एक तृतीयांश माणसं निघून गेली. त्यांच्या निर्णयाला पाठिंबा देणारेही भरपूर होते आणि आजही आहेत, कंपनी बुडाली नाही, 2022 मध्ये '37सिग्नल्स' हे जुनं नाव परत घेऊन व्यवस्थित चालू आहे. पण वर्षानुवर्षं सोबत काम केलेली वीसेक माणसं एका आठवड्यात उठून जाणं ही मला छोटी गोष्ट वाटत नाही, आणि पोस्ट किती वाचली गेली या आकड्याने ती भरून निघत नाही.

आपल्याकडेही ॲप स्टोअरच्या अशाच टक्केवारीवरून भांडणं झाली. स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये गुगलला प्ले स्टोअरच्या पेमेंटच्या अटींवरून 936.44 कोटींचा दंड लावला, तो पुढे अपिलात कमी झाला, आणि 1 मार्च 2024 ला गुगलने फी भरली नाही म्हणून काही भारतीय ॲप्स स्टोअरवरून काढली, त्यात मुंबईचं शादी डॉट कॉमही होतं. त्याचे संस्थापक अनुपम मित्तल यांनी तेव्हा 'लगान' हा शब्द वापरला, बातमी जोरात झाली, सरकार मध्ये पडलं, ॲप्स काही दिवसांत परत आली. भांडण अगदी रास्त होतं असं माझं मत आहे. पण मुलीसाठी स्थळ बघणाऱ्या आईबापांना गुगल किती टक्के घेतं याच्याशी काय देणंघेणं. ते भांडण हक्कासाठी होतं, त्याने गिऱ्हाईक येणार नव्हतं, आणि त्यासाठी ते केलेलंही नव्हतं. वादाच्या नावाखाली या दोन गोष्टी एकत्र करू नका एवढंच मी क्लायंटना सांगते.

आता माझ्या स्वतःच्या कामातलं एक. लाकडी घाण्याचं तेल विकणारे एक काका माझ्याकडे आले होते, त्यांनाही तेच हवं होतं, भांडण. मी लिहून दिलं, रिफाइंड तेल म्हणजे विष, असं मथळ्यातच. मी तेव्हा या कामात नवीन होते आणि ते लिहायला नको होतं, कारण रिफाइंड तेल विष आहे असं सिद्ध करणारं माझ्याकडे काही नव्हतं, एका व्हॉट्सॲप फॉरवर्डवर मी तो मथळा उभा केला. लेख तुफान फिरला. रात्री साडेदहाला काकांचा फोन, आवाजात आनंद मावत नव्हता, एकेक कमेंट वाचून दाखवत होते. त्यातली एक कमेंट त्यांनी वाचली आणि थांबले. कुणीतरी विचारलं होतं, तुमचा शेंगदाणा कुठला, किती दिवसांपूर्वीचा, आणि लिटरला तीनशेच्या वर का घेता. बाकी सगळी लोकं डॉक्टर विरुद्ध आयुर्वेद, कंपन्या विरुद्ध शेतकरी असं भांडत बसली होती आणि माल घ्यायचा विचार करणारा एकच माणूस त्या गर्दीत उभा होता, त्याला उत्तर आमच्या लेखात कुठेच नव्हतं. त्या महिन्यातल्या नवीन ऑर्डरी बोटावर मोजता आल्या. एका आहारतज्ज्ञ बाईंनी लेखातली चूक दाखवली ती बरोबर होती, लेख आम्ही काढला.

मग मी घाण्यावर जाऊन बसले. सकाळी सहाला सुरू होतो तो, खोडाचा आवाज कुरकुर असा एका लयीत, आणि बराच वेळ काही होत नाही, नुसता दाणा फिरतो, मग कडेने तेल सुटायला लागतं. काकांनी तराजूवर मोजून दाखवलं, लिटरभर तेलाला साधारण अडीच किलो दाणे जातात. मी म्हटलं, काका, दाण्याचा भाव लावा याला. त्यांनी लावला, मजुरी धरली, पेंडीचे पैसे वजा केले, बाटली धरली. कागदावर जो आकडा आला त्याच्या खाली कुणी घाण्याचं शेंगदाणा तेल विकत असेल तर तो काहीतरी मिसळतोय किंवा तोट्यात विकतोय, असं आम्ही लिहिलं, आकड्यांसकट, काकांच्या अक्षरातल्या कागदाच्या फोटोसकट. आणि खाली लिहिलं की कुणाला खोटं वाटत असेल तर स्वतःचे दाणे घेऊन या, समोर घाणा फिरवून तेल घेऊन जा.

याच्यावरही वाद झाला. दोन तेलवाल्यांनी काकांना फोन करून झापलं, एकाने लिहिलं की आमच्याकडे तेवढ्याच दाण्यातून तेल जास्त निघतं, त्यावरून दाण्याच्या जातीवर, ओलाव्यावर, उन्हाळी-पावसाळी पिकावर लोकं दोन दिवस भांडली. भांडणारे थोडे होते, पहिल्या लेखाच्या तुलनेत नगण्यच. रविवारी सकाळी एक निवृत्त मास्तर पाच किलो दाणे पिशवीत घालून घाण्यावर आले, सोबत स्वतःचा वजनकाटा, आणि तेल पूर्ण निथळेपर्यंत स्टुलावर बसून राहिले.